पाण्याचं डोकं

आमचे दौलतभाऊ माणसांना काही विचारत नसत. पाटातल्या पाण्याला विचारत.

जानेफळला त्यांची वांगी आणि माझी मिरची बांधाला बांध, विहीर सामाईक. मोट सुरू झाली की माझ्या मिरच्या माना टाकून वाट बघत, आणि हे गृहस्थ फावडं घेऊन पाटाच्या दारांशी खेळत बसत! "गोष्ट खरी असली त दार फोडाचं, खोटी असली त बुजवाचं," मला समजावत. एक दार 'आज बाजार आहे' याचं, दुसरं 'आभाळ कोरडं आहे' याचं. दोन्ही फुटली तरच पाणी शेवटच्या आळ्यात पोचे. तिथं ओल दिसली की भाऊ धोतर झटकून बाजाराला निघत.

"भाऊ, हे त मले वर पाहूनही समजते!"

"तुले डोकं आहे बे. बिनडोक पाण्याले समजलं, हे पाह्य! उद्या एखादं यंत्र असाच इचार करीन."

अमरावतीला गणित शिकून आलेला माणूस. गाव म्हणे, शिकून वाया गेला. मला मात्र त्या उन्हात, मोटेच्या कुरकुरीत, कधीकधी खरंच वाटे की पाणी काहीतरी आठवत आठवत चाललंय.

एका उन्हाळ्यात नागपूरचे एक प्रोफेसर बैलांच्या दमणीत बसून हे बघायला आले. विहिरीनं तळ गाठलेला, मोट जेमतेम एकदाच भरे. प्रोफेसर खूश! म्हणाले, "विलायतेला लेख पाठवू. फक्त एकदा खोटी गोष्ट विचारा. याला 'नाही' म्हणताना बघू द्या."

भाऊ म्हणाले, "आज नाही जमत, साहेब."

"म्हणजे हे फक्त 'हो'च म्हणतं?" प्रोफेसर हसले आणि दमणी वळवली.

माझं टाळकंच फिरलं. "येडे झाले का भाऊ? विलायतेत नाव झालं असतं!"

भाऊ शेवटच्या आळ्यापाशी बसले. तिथं वहिनींनी, देवाघरी जायच्या आधी, लावलेला मोगरा होता.

"आज पाणी चुकलं त हा वाळते."

"मंग उत्तराचं आळं दुसरीकडं करा ना!"

"तिनं मोगरा मांगतला, मी म्हटलं नाही, वांगे लाव. माहेरी जाऊ का म्हणे, नाही. जत्रेले चाला म्हणे, नाही. मी आपला गणितात. हा तिनं चोरून लावला." भाऊंनी बोटांनी माती दाबली. "आता रोज असंच काही इचारतो, ज्याचं उत्तर हो येते."

मी फावडं उचललं आणि माझ्या मिरचीकडं जाणारं दार बुजवलं.