वादळाचा सुळा

शुक्रवारी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, तेव्हा दातकाका एका कवळीला झिलई देत बसले होते. दवाखान्यांना कवळ्या करून देणे हा त्यांचा धंदा. तिकडून पेशंटच्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा यायचा आणि दातकाका घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी बसून त्याच्यावर हिरड्या आणि दात चढवून द्यायचे. ज्याच्या तोंडात ते दात जायचे, तो माणूस त्यांना कधीच दिसत नसे. डॉक्टरीणबाई म्हणजे त्यांचे सर्वात मोठे गिऱ्हाईक. तो एक दवाखाना सुटला असता, तर दातकाकांवर माशा मारायची पाळी आली असती.

"एक वरची कवळी हवीय. रविवारी सकाळी," बाई म्हणाल्या. "मधे मेणात दात लावून तोंडात बघायला वेळ नाही, एकदम पक्कीच करा. दात सरळ, एका रेषेत. आणि हे बघा, कुठे बोलू नका. पेशंट सिनेमातले आहेत. त्याच संध्याकाळी त्यांना समारंभात स्टेजवर उभं राहायचंय."

"कोण हो?"

"तुम्हाला काय करायचंय? तुम्हाला त्यांचा वरचा जबडा कळला की पुरे."

दातकाकांनी फोन ठेवला आणि झिलई तशीच सोडून दिली. रविवारी संध्याकाळी सिनेमावाल्यांचा समारंभ एकच होता, आणि तो वादळाच्या सत्काराचा होता.

वादळ हे नाव चाहत्यांनी ठेवलेले. पडद्यावर तो आला की समोरची माणसे उडायची, दारे उडायची, कधी कधी भिंतीही उडायच्या. दातकाकांनी त्याच्या एकेका सिनेमाची पारायणे केली होती. बाकीचे लोक त्याच्या मुठी बघायचे, दातकाका त्याचे दात बघायचे. वादळाचा वरचा डावा सुळा रेषेच्या किंचित बाहेर होता. मारामारी संपली, की तो पडलेल्या शत्रूच्या छातीवर पाय ठेवून अर्ध्या तोंडाने हसायचा, आणि तेवढ्यापुरता तो सुळा बाहेर डोकावायचा. स्वतःच्या बायकोला अक्कलदाढा किती, हे दातकाकांना सांगता आले नसते. पण तो सुळा त्यांनी झोपेतसुद्धा काढून दाखवला असता. वेडाला औषध नसते म्हणतात. प्रस्तुत निवेदक त्यांच्याच इमारतीत राहतो आणि वादळासारखी केसांची बट कपाळावर आणण्याच्या नादात त्याने ऐन तारुण्यात पुष्कळ तेल वाया घालवले आहे. त्यामुळे दातकाकांना हसण्याचा अधिकार त्याला नाही. तरी तो हसणार आहे.

दुपारी साचा आला. दातकाकांनी तो उजेडात धरला.

"बघ, टाळू बघ कसा ऐसपैस आहे! असा टाळू असल्याशिवाय तो आवाज निघायचा नाही."

"माझ्या मामाचाही टाळू ऐसपैसच होता," बायको म्हणाली. "तो नुसता घोरायचा. कुणाचा आहे हा?"

दातकाकांनी दार लोटून घेतले आणि तिच्या कानात सांगितले.

"म्हणजे वादळाच्या तोंडाचं बोळकं झालंय?"

"हळू बोल! कुणाला सांगू नकोस. तुला म्हणून सांगितलं."

बायकोने कुणालाही सांगितले नाही. बहिणीला सांगितले, पण बहीण म्हणजे काही 'कुणी' नव्हे. बहिणीने फक्त जावेला सांगितले, आणि जावेने सांगताना प्रत्येकीला शपथ घातली. शनिवारी जिन्यात निवेदकाच्याही कानावर ती बातमी शपथेसकट आली.

इकडे दातकाका वेगळ्याच काळजीत होते. दात सरळ, एका रेषेत! डॉक्टरीणबाई वयाने लहान, त्यांनी वादळाच्या ऐन भरातले सिनेमे कुठून पाहिलेले असणार? त्या बाईंना वाटत होते, आपण एका म्हाताऱ्याचे दात करतोय. भर समारंभात वादळ हसणार आणि तोंडात बघावी तर फरशी बसवल्यासारखी रांग! लोक काय म्हणतील? बाईंनाच पुढे पस्तावा होईल, असे स्वतःला समजावत दातकाकांनी डावा सुळा उचलला, तांबूस हिरडीत अलगद कलता बसवला आणि खिडकीशी नेऊन पाहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. वादळ त्यांच्या तळहातावर अर्ध्या तोंडाने हसत होता.

रविवारी सकाळी दवाखान्यातला माणूस कवळी घेऊन गेला. दातकाकांचा चहा संपतो न संपतो, तोच फोन वाजला.

"तो सुळा वाकडा कसा?" बाईंचा आवाज चढला होता.

"मुळात तसाच आहे तो."

"तुम्ही पेशंटला कधी बघितलंत?"

"बाई, कधी नाही बघितलं ते विचारा!"

"हे बघा, पेशंट खुर्चीत बसलेत. त्यांनी कवळी लावली, आरशात बघितलं. मग एवढंच म्हणाले, ज्यानं ही केली त्याला माझ्यासमोर आणा. हत्यारं घेऊन या. आणि हे निस्तरलं नाही, तर उद्यापासून साचे दुसरीकडे जातील."

या बोलण्यातले शेवटचे वाक्य दातकाकांच्या डोक्यात शिरलेच नाही. 'माझ्यासमोर आणा' इथेच त्यांचे कान बंद झाले होते.

"त्यांनी मला बोलावलंय!" ते ओरडले. "सुळा ओळखला त्यांनी!"

ते ओरडणे खालच्या मजल्यापर्यंत गेले. दातकाकांनी ठेवणीतला शर्ट घातला. बायकोने ठेवणीतली साडी नेसता नेसता बहिणीला फोन केला. दातकाका हत्यारांची पेटी घेऊन वाटभर एकच वाक्य घोकत निघाले, आणि त्यांच्या मागून बायको, मेहुणी, मेहुणीची जाऊ, जावेचे शेजारी आणि फुलांचा गुच्छ घेतलेला निवेदक असे सगळे निघाले. ते दवाखान्यापाशी पोहोचले, तर तिथे आधीच रस्ता अडला होता. शपथ घातलेली बातमी पायांनी चालत नाही, उडत जाते, हे निवेदकाला त्या दिवशी कळले.

आत खुर्चीची पाठ दाराकडे होती. दातकाकांनी हात जोडले आणि घोकलेले वाक्य म्हणून टाकले.

"साहेब, कळायला लागल्यापासून मी तुमचा भक्त आहे."

खुर्ची वळली. तिच्यात वादळ नव्हता. तिच्यात घाऱ्या बसला होता.

घाऱ्या म्हणजे वादळाच्या प्रत्येक सिनेमातला दुष्ट. घारे डोळे, तिरकी टोपी आणि चांगल्या माणसांच्या घरांना आगी लावण्याचा छंद. उभे आयुष्य त्याने वादळाचा मार खाल्ला होता आणि तो खाताना दातकाकांनी थिएटरात उभे राहून "आणखी हाण!" असे ओरडून घसा बसवून घेतला होता. आता तो पांढऱ्या केसांचा, हडकुळा म्हातारा होता आणि त्याच्या तोंडात वादळाचे दात होते.

"या," म्हातारा म्हणाला. "हा सुळा कुणाचा आहे, मला माहितेय. तो मी जेवढा जवळून पाहिलाय तेवढा दुसऱ्या कुणी पाहिलेला नाही. दर वेळी खालून पाहिलाय. माझ्या छातीवर पाय असायचा आणि वर हा सुळा. मस्करी केलीत का माझी?"

"नाही हो!" दातकाका घाईघाईने म्हणाले. "मला वाटलं... साचा त्यांचा आहे."

"माझे दात कसे होते, आठवतात?"

दातकाकांनी नजर पेटीकडे वळवली. आठवत नव्हते.

"बरोबर आहे," म्हातारा म्हणाला. त्याला राग आलेला नव्हता, आणि तेच दातकाकांना सोसवेना. "दुष्टाचे दात कोण बघतंय! करा सरळ. आज त्यांचा सत्कार आहे, चार शब्द बोल म्हणाले म्हणून जायचं. तिथे मला कोण ओळखणार म्हणा." तेवढ्यात बाहेर गलका झाला. "ही गर्दी कसली?"

डॉक्टरीणबाईंनी खिडकीचा पडदा सारला, बाहेर पाहिले आणि मग दातकाकांकडे असे पाहिले, की भूल न देता दाढ काढणार असाव्यात. दातकाकांनी म्हाताऱ्याकडे पाहिले. खरे बोलायचे ठरवून त्यांनी तोंड उघडले, पण ते बोलवेना.

"तुमच्यासाठी आलीत सगळी," ते म्हणाले.

"माझ्यासाठी?" म्हातारा हसला. "अहो, मला बघून लोक पोरं उचलून घरात पळायचे. तुम्ही भक्त म्हणालात ना मघाशी? सांगा बरं, माझं कुठलं काम आवडलं?"

झाले! काहीतरी ठोकून द्यावे म्हणून दातकाका बोलू लागले.

"ते... जहाजावरचं. वादळ तुम्हाला वरून ढकलतो तेव्हा. पडायच्या आधी तुम्ही टोपी नीट करता. मरायला निघालेला माणूस, पण टोपी वाकडी चालत नाही त्याला. आणि कोर्टात शिक्षा सुनावतात, तेव्हा सगळं कोर्ट वादळाकडे बघत असतं आणि तुम्ही घड्याळाला किल्ली देता. आणि त्या जळत्या गोदामात..."

बोलता बोलता ते स्वतःच चकित झाले. वादळाच्या प्रत्येक वाक्यासमोर हा माणूस उभा होता, आणि वादळाची पारायणे करता करता दातकाकांना हाही तोंडपाठ झाला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला.

"टोपीचं मी मनानंच केलं होतं," तो म्हणाला. "दिग्दर्शकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मला वाटायचं, ते कुणी पाहिलंच नाही."

दातकाकांनी पेटी उघडली. "काढा कवळी. आत्ता सरळ करून देतो."

"राहू द्या," म्हातारा म्हणाला. "इतकी वर्षं त्याच्या पायाखाली पडून हे हसणं बघितलं. एक दिवस मलाही हसून बघू द्या."

ते दोघे बाहेर आले आणि गर्दी एकदम चिडीचूप झाली. सगळ्यांच्या माना म्हाताऱ्याच्या मागे वळल्या. वादळ यायचा असेल तर तिथूनच. कुणी आले नाही. दातकाकांनी जिवाच्या आकांताने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या एकट्याच वाजत राहिल्या.

"अगं बाई, हा तर घाऱ्या!" मेहुणी ओरडली. "ह्यानं वादळाच्या आईला जिन्यावरून ढकललं होतं!"

"दोनदा," म्हातारा नम्रपणे म्हणाला. "पहिल्यांदा कॅमेऱ्यात फिल्मच नव्हती."

आणि तो अर्ध्या तोंडाने हसला. सुळा बाहेर डोकावला. क्षणभर कुणाला काही सुधरेना, मग मागून कुणीतरी सणसणीत शिट्टी मारली आणि पाठोपाठ टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. दातकाकांच्या बायकोने नवऱ्याचा चेहरा एकदा पाहिला, निवेदकाच्या हातातला गुच्छ हिसकावला आणि पुढे होऊन म्हाताऱ्याला दिला. "केव्हाची वाट बघतोय आम्ही," ती बेधडक म्हणाली.

म्हाताऱ्याची गाडी गेल्यावर डॉक्टरीणबाई दातकाकांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"पेशंट खूश आहेत, म्हणून सोडते," त्या म्हणाल्या. "उद्या दोन साचे पाठवतेय. एक पोस्टमास्तरांचा आहे, एक माझ्या सासऱ्यांचा. ते कोण असतील ह्याचा विचारही करायचा नाही. सरळ म्हटलं की सरळ!"

संध्याकाळी दातकाकांच्या खोलीत टीव्हीसमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. साच्यांच्या फळीखाली निवेदक मांडी घालून बसला होता. स्टेजवर वादळ आला. पोट सुटलेले, केस काळेभोर आणि दात, हाय रे दैवा, फरशीसारखे सरळ! कधीतरी त्याने ते सरळ करून घेतले होते. खोलीत सुस्कारे उमटले.

घाऱ्या चारच वाक्ये बोलला आणि हसला. सभागृह उठून उभे राहिले. मग तो मागच्या खुर्चीत जाऊन बसला आणि वादळ माइकसमोर आला. त्याचे ते रुंद खांदे पडदा भरून राहिले, आणि त्यांच्या मागे घाऱ्याचा जेमतेम एक कान दिसू लागला.

दातकाका आधी डावीकडे कलले. मग उजवीकडे कलले. मग अर्धवट उठले.

"अहो, जरा सरका की!" ते टीव्हीवर खेकसले.

सगळे दातकाकांकडे बघू लागले.

"भाऊजी," मेहुणी चाचरत म्हणाली, "तुम्ही वादळाला सरकायला सांगितलंत?"

"मग काय करू?" दातकाका म्हणाले. "केव्हाचा मधे उभा आहे!"