गोरखपूरचा पडदा, सदरची घंटा

तुम्हाला सांगते, माझ्या कामाबद्दल मला कधीच शंका नसायची! 'नसायची' म्हणतेय, लक्षात घ्या. जबलपुरात कोणाला इमारतीतले दिवे, पंखे, पडदे, घंटा असं सगळं एका तारेवर आणायचं असेल तर लोक म्हणायचे, "शर्मिलाला बोलवा." मग मी जायची, लॅपटॉप उघडायची आणि ऑपरेशनआधी सर्जन पेशंटच्या नातेवाइकांकडे बघतो तशी समोरच्याकडे बघायची.

आमच्या मराठी संस्थेच्या दोन इमारती आहेत. दोन्ही जबलपुरातच: गोरखपूर भागात मंगल कार्यालय, सदर भागात वाचनालय. दोन्हीकडचं काम माझंच. आधी कार्यालयाचं, मग वर्षभरानं वाचनालयाचं. संस्थेचे अध्यक्ष गणपतराव, त्यांना आता दोन्ही इमारती एकाच मोबाईलवरून चालवायच्या होत्या. तेसुद्धा लेकीच्या लग्नाआधी.

"अगदी सोपं आहे," मी म्हटलं. "दोन्हीकडच्या बस आयपी नेटवर्कवरून जोडून देते. दोन दिवसांचं काम!"

गणपतरावांचा चेहरा उजळला. "वा! गोरखपूर ते सदर? किती किती वेळानं सुटेल?"

"काय सुटेल?"

"बस हो! म्हाताऱ्या सभासदांची मोठी सोय होईल."

मग त्यांना समजावलं. बस म्हणजे एक बारीक तार. इमारतीतली सगळी बटणं आणि सगळे दिवे त्याच एका तारेला जोडलेले असतात. बटण दाबलं की ते तारेवर एक नंबर ओरडतं, 'एक!' ज्याचा नंबर एक, तोच उठतो, बाकीचे झोपून राहतात. वर्गातल्या हजेरीसारखं. आता दोन्ही इमारतींत एकेक डबी बसवायची. ती इकडचं ओरडणं इंटरनेटवरून तिकडे पोचवते आणि तिकडचं इकडे.

"म्हणजे बस नाहीच," गणपतराव म्हणाले. त्यांचा चेहरा पुन्हा मावळला.

डब्या बसवायला माझ्याबरोबर तुळशीरामकाका होते. संस्थेचे इलेक्ट्रिशियन. सव्वीस वर्षांपासून दोन्ही इमारतींतली एकूणएक वायर त्यांच्या हातची. खिशाला पेन लावावं तसा टेस्टर लावून फिरायचे. कार्यालयात शिडीवर उभे राहून त्यांनी त्या डबीकडे बराच वेळ पाहिलं.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा की काका."

"दोन्हीकडं नंबर तर सारखेच हायेत ना? तुम्ही वाचनालयात कार्यालयाचीच फाईल टाकली होती. मी होतो तिथं."

"हो, मग?"

"मग इकडं कोणी 'एक' म्हटलं तर तिकडचा एक नंबर काहून नाही उठणार?"

आता खरं सांगते. प्रश्न अचूक होता. वेळ वाचवायला मी कार्यालयाची नंबरांची फाईल जशीच्या तशी वाचनालयात उतरवली होती. इमारती वेगळ्या होत्या तोवर काही बिघडत नव्हतं. पण दोन्ही जोडताना वाचनालयाचे नंबर बदलायला हवे होते. हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. सुचलं काय? तर हसू!

"काका, हे आयपी आहे! नेटवर्कला सगळं कळतं."

"अच्छा," काका म्हणाले आणि खाली उतरून शिडी मिटायला लागले.

नेटवर्कला काही म्हणजे काही कळत नाही! हे मी स्वतः पॉलिटेक्निकच्या पोरांना शिकवते. फळ्यावर लिहून!

डब्या बसल्या. मी कार्यालयात उभं राहून मोबाईलवरून दिवा लावला, दिवा लागला. टाळ्या! सदरला बंद वाचनालयात त्याच वेळी काय उजळलं, ते बघायला तिथे कोण होतं?

मे महिन्यातला रविवार. गणपतरावांच्या स्वानंदीचं लग्न, मुहूर्त अकरा बेचाळीसचा. तीनशे पाहुणे. आणि त्याच सकाळी साडेअकराला वाचनालयात संस्थेची शिष्यवृत्ती परीक्षा! साठ मुलं, आणि ग्रंथपाल हेमलताताई. ताईंच्या वाचनालयात पाल चुकचुकली तरी ती आधी परवानगी घेत असावी.

आता नंबर तेवढे ध्यानात ठेवा. एक म्हणजे दोन्हीकडे मोठे दिवे. दोन म्हणजे दोन्हीकडे पंखे. तीन म्हणजे वाचनालयात घंटा, आणि कार्यालयात? स्टेजचा पडदा!

साडेअकराला हेमलताताईंनी परीक्षा सुरू करायला घंटेचं बटण दाबलं. इकडे स्टेजवर नवरा-नवरी उभे राहत होते, आणि सर्रकन लाल मखमली पडदा त्यांच्यासमोरून बंद झाला!

"अरे! मध्यंतर झालं का?" पाहुण्यांतून कोणीतरी ओरडलं.

तुळशीरामकाका बटणांच्या पॅनलपाशी उभे होते. त्यांनी लगेच तीन नंबर दाबला. पडदा उघडला. सदरला घंटा वाजली. मिनिटभरात मला ताईंचा फोन!

"शर्मिला! घंटा आपोआप वाजली! पोरं पेपर देऊन राहिली!"

"ताई, काही नाही, परत एकदा दाबा!"

ताईंनी दाबलं. पडदा बंद!

"काका, उघडा!"

काकांनी उघडला. सदरला पुन्हा घंटा. मुलांनी पेन खाली ठेवली. ताईंनी घंटा दिली, पेन उचलली. काकांनी पडदा उघडला, पेन खाली. असं चार वेळा! पुढे एक मुलगी मला म्हणाली, "दीदी, हमें लगा ये भी पेपर का पार्ट है।"

अकरा अडतीसला मुहूर्तासाठी काकांनी हॉलचे मोठे दिवे घालवले, म्हणजे स्टेज उठून दिसेल. आणि समई विझू नये म्हणून पंखे बंद केले. सदरला भर परीक्षेत अंधार! वाचनालयाच्या खिडक्यांना जाड पडदे लावलेले, उन्हासाठी. वर बेचाळीस डिग्री, आणि पंखे बंद.

"शर्मिला! दिवे गेले! पंखेही गेले! काय करून राहिली तू?"

"ताई, दाबा! जोरात दाबा!"

जोरात! जसं काही त्या बटणाला कमी ऐकू येतं!

ताईंनी दाबलं. इकडे हॉल लख्ख उजळला आणि वीस पंखे एकदम पूर्ण वेगानं फिरायला लागले. अंतरपाट उडाला आणि भटजींच्या तोंडावर जाऊन गुंडाळला. पाहुण्यांनी उधळलेल्या अक्षता वळून त्यांच्याच डोळ्यांत! समई विझली. मंगलाष्टक अंतरपाटाच्या आतून ऐकू येत होतं, गोधडीत रेडिओ लागल्यासारखं.

"काका, बंद करा!" मी ओरडले. फोनवर ताई ओरडत होत्या, "पुन्हा गेले!" मी म्हटलं, "ताई, दाबत राहा!" आणि काकांना म्हटलं, "काका, तुम्हीही दाबत राहा!" दोन इमारतींतली दोन शहाणी माणसं माझ्या सांगण्यावरून एकमेकांचे दिवे विझवत होती, आणि मला वाटत होतं मी परिस्थिती सांभाळतेय!

गणपतराव स्टेजवरून धावत आले. घामाघूम. "हे काय चालू आहे? माझ्या पोरीचं लग्न आहे!"

इथपर्यंत जे झालं ते हसण्यावारी नेता येतं. मीही नेते. पण यापुढचं नाही.

गणपतराव माझ्याकडे बघत होते, सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. भटजींचा माइक कोणीतरी माझ्या शेजारच्या टेबलावर ठेवला होता. चालू! आणि मी म्हटलं, "माझ्या सिस्टीममध्ये काही दोष नाही! या तुळशीरामकाकांनीच पॅनलला हात लावलाय. यांना यातलं काही कळत नाही!"

'कळत नाही' हे चारी कोपऱ्यांतल्या स्पीकरांमधून परत माझ्याकडे आलं. तीनशे माना काकांकडे वळल्या. वर वीस पंखे फिरतच होते.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. उधार नेलेली वस्तू मोडून परत आली की माणूस बघतो, तसं पाहिलं. मग त्यांनी पॅनल उघडलं, माझ्या डबीची निळी वायर उपसली आणि माझ्या हातात दिली. दिवे घालवले, पंखे बंद केले. सगळं जागच्या जागी राहिलं. कोणी ते पुन्हा चालू केलं नाही. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून ते मागच्या दारानं निघून गेले.

मी निळी वायर हातात घेऊन उभी. शिडीवरचा त्यांचा प्रश्न मला तेव्हा समजला.

अकरा बेचाळीसला लग्न लागलं. गणपतरावांनी येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास! बरोबर माणूस पकडलात तुम्ही. तो गेला आणि सगळं नीट झालं!"

मी 'हो' म्हटलं नाही. पण 'नाही'ही म्हटलं नाही. मी जेवायला बसले. मठ्ठा दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाचे सगळे नंबर बदलले. एकाऐवजी एकशे एक, दोनाऐवजी एकशे दोन. अर्ध्या तासाचं काम! हेमलताताईंनी परीक्षा पुन्हा घेतली आणि आठवडाभर माझा फोन घेतला नाही. चौथ्या दिवशी धीर करून मी गणपतरावांना खरं सांगितलं.

"अहो, झालं ते झालं," ते म्हणाले. "लग्न तर लागलं ना!"

मग खोव्याची जलेबी घेऊन गढ्याला काकांच्या घरी गेले. दार काकांच्या बायकोनं, शकुकाकूंनी उघडलं. काका ओट्यावर बसून कोणाचा तरी कूलर दुरुस्त करत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. चूक माझी, फाईल माझी, खोटं माझं. रडूही आलं. काकूंनी पाणी दिलं.

काका कूलरच्या जाळीतलं गवत काढत म्हणाले, "बसा मॅडम. मला तर तेव्हाच माहीत होतं, चूक कोणाची."

"मग कामावर परत या ना काका. गणपतराव हो म्हणतात."

"नाही. भेडाघाटला संगमरवराच्या कारखान्यात मोटारी पाहायचं काम धरलं. मालक चांगला आहे." मग म्हणाले, "राग नाही. पण मॅडम, माफी तुम्ही माझ्या ओट्यावर मागून राहिल्या. ते तर तीनशे माणसांत म्हटलं होतं."

जलेबीचा डबा मी तसाच मांडीवर धरून बसले होते. त्यांच्या लेकीनं, नेहानं तो हळूच घेतला आणि आत नेला.

त्यांचं म्हणणं रास्तच होतं. पण ती तीनशे माणसं आता आणू कुठून? कोणी सिवनीला, कोणी नागपूरला, कोणी वरुडला परत गेलेली. दोन इमारती दोन दिवसांत जोडल्या मी, पण ही माणसं कशी जोडायची? शेवटी आठवलं, लग्नाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो! गणपतरावांच्या हातापाया पडून मी त्यात शिरले. दोनशे अकरा सभासद. तीन दिवस खपून माफीपत्र लिहिलं. लग्नात झालेल्या गोंधळाला फक्त मी जबाबदार आहे. श्री. तुळशीराम यांची काडीचीही चूक नव्हती. उलट त्यांनी मला आधीच सावध केलं होतं, आणि शेवटी लग्न सावरलं तेही त्यांनीच. मी सर्वांसमोर त्यांची माफी मागते. खाली पूर्ण नाव. पाठवलं आणि उत्तरांची वाट बघत बसले.

पहिलं उत्तर आलं, "वधूवरांना अनेक शुभाशीर्वाद!"

दुसरं, "गुलाबजाम कोणत्या केटररचे होते? नंबर पाठवा."

तिसऱ्यानं हात जोडल्याची पाच चित्रं टाकली. त्याच्या बायकोनं सहा.

आणि मग बऱ्याच वेळानं वरुडच्या कोण्या मामांनी विचारलं, "कोण तुळशीराम?"

मी उत्तर लिहायला बसले. कोण म्हणजे? ज्या दिव्यांखाली तुम्ही जेवलात ते ज्यांनी लावले ते. सव्वीस वर्षं दोन्ही इमारतींची वायर न् वायर ज्यांच्या हातून गेली ते. खूप लिहिलं. तुम्ही वाचताय त्याहून चांगलं लिहिलं होतं! आणि पाठवायला गेले तर खाली एक ओळ दिसली. गणपतरावांनी मला ग्रुपमधून काढून टाकलं होतं.

त्यांचं तरी काय चुकलं! लग्न झालं होतं, ग्रुपचं काम संपलं होतं. उत्तर अजून माझ्या फोनमध्ये तसंच पडून आहे. म्हणून म्हटलं, निदान तुम्हाला तरी सांगावं.