कृपया कठडा धरा

आमच्या स्टेशनसमोरच्या सुपरमार्केटातला सरकता जिना बोलतो. आधी एक बाई जपानीत बोलतात आणि मग एक पुरुष इंग्रजीत सांगतो, "कृपया कठडा धरा. सोबतच्या लहान मुलांचा आणि वयस्कर माणसांचा हात धरा." जपानमध्ये सगळंच बोलतं. लिफ्ट बोलते, भाताचा कुकर बोलतो, न्हाणीघरातला हीटरसुद्धा 'पाणी तापलं' म्हणून वर्दी देतो. त्यामुळे इथे राहून राहून आपण कोणाचंच ऐकेनासे होतो. पण एकदा त्या जिन्यावर माझ्यापुढे उभा असलेला एक उंच, पांढऱ्या केसांचा गोरा गृहस्थ मागे वळला आणि मला म्हणाला, "माफ करा हं. त्या दिवशी मी जरा घाईत होतो. 'वयस्कर'च्या आधी श्वास घ्यायला हवा होता."

मला वाटलं, झालं! एवढ्या मोठ्या तोक्योत एक वेडा असेल, तर तो नेमका माझ्याच पुढच्या पायरीवर यायचा होता. मी टोपली छातीशी धरून "इट्स ओके" म्हटलं आणि वर पोचल्यावर मुद्दाम उलट्या दिशेला वळले. खरेदी आटोपून घरी आले, तर आमच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये हेच गृहस्थ माझ्यासाठी दार धरून उभे. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, आम्ही चौथ्या.

हे आमचे नेव्हिल-सान, 'सान' म्हणजे आपलं 'राव'. आणि ते वेडे नव्हते, म्हणजे निदान त्या बाबतीत तरी नव्हते. जिन्यातला आवाज त्यांचाच होता. जातीचा इंग्रज माणूस, पेशाने नट. तरुणपणी एका नाटक कंपनीबरोबर दौऱ्यावर म्हणून जपानला आले. कंपनी परत गेली, हे राहिले. आता सत्तरीला टेकलेत आणि एकटेच असतात. आमचं बोलणं इंग्रजीत चालतं, मध्ये मध्ये दोघांचंही तोडकंमोडकं जपानी. इथे मी आपलं मराठीत सांगते.

नट म्हटलं की आपण विचारतो, "कशात पाहिलंय तुम्हाला?" यांना कोणीच कशात पाहिलेलं नसतं, पण ऐकलेलं सगळ्यांनी असतं. इथल्या मुलांच्या इंग्रजीच्या परीक्षेत जी ध्वनिफीत लावतात, 'जॉनची छत्री कुठे राहिली?' वगैरे, त्यातला जॉन हे. आमची सई सहावीत आहे. लिफ्टमध्ये नेव्हिल-सान "गुड मॉर्निंग" म्हणाले की पोरगी ताठ उभी राहते. आता पुढे चार पर्याय येणार असं तिला वाटतं.

टीव्हीवरही असतात म्हणा, पण तिथे ते बहुतेक मरतात. गुन्ह्यांच्या कार्यक्रमात कोणी परदेशी व्यापारी विष खाऊन पडलेला दाखवायचा असला की यांना बोलावणं येतं. एकदा आम्ही जेवत होतो आणि मंदार, म्हणजे माझा नवरा, घास हातात धरून ओरडला, "अगं आश्विनी, आपल्या नेव्हिल-सानना बायकोने जिन्यावरून ढकललं!" दुसऱ्या दिवशी ते कचऱ्याच्या जागी प्लॅस्टिकची पिशवी ठेवताना भेटले. मी म्हटलं, काल फार वाईट झालं हो. तर म्हणाले, "पडलो चांगला, पण मेल्यावर पापणी हलली."

आणि रविवारी पाद्री. इथल्या हॉटेलांमध्ये हौसेने चर्चसारखं लग्न लावतात आणि त्याला एक गोरा पाद्री लागतो. खराच असला पाहिजे असं काही नाही. मी म्हटलं, अहो, पाप नाही का लागत? ते शांतपणे म्हणाले, "आश्विनी-सान, आजवर एकाही नवरा-नवरीचं वाक्य मी चुकवलेलं नाही. पुस्तक हातात असतं."

हे हातात असणं फार महत्त्वाचं. त्या माणसाला मी बिनकागदाचं कधी पाहिलंच नव्हतं. दिवाळीचा फराळ नेऊन दिला तर संध्याकाळी डबा परत द्यायला आले आणि दारात उभं राहून खिशातली चिठ्ठी काढून वाचली, "चकली उत्तम होती. करंजी त्याहून उत्तम. आपला आभारी आहे." मंदार म्हणाला, साहेबी शिष्टाचार असतो तो. मी म्हटलं, असेल बाई. आपण 'डबा आणला' म्हणतो नि मोकळे होतो.

दुसरी खोड म्हणजे 'नेन नो तामे'. म्हणजे आपलं 'खबरदारी म्हणून'. इथल्या स्टुडिओत एखादं वाक्य छान झालं तरी तसं म्हणून आणखी एकदा बोलून घेतात. जन्मभर त्यातच गेल्यामुळे नेव्हिल-सान सगळंच दोनदा करायचे. कुलूप दोनदा ओढायचे. निरोप दोनदा घ्यायचे. लिफ्टचं दार मिटता मिटता फटीतून आवाज यायचा, "नेन नो तामे, गुड नाइट!"

तर अशा माणसाला मी मराठी नाटकात ओढलं.

आमच्या इथल्या मराठी मंडळाचा गणपती वॉर्डाच्या सभागृहात असतो आणि दर वर्षी एक नाटुकलं होतं. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य सगळं संदीप जोशी. ते इथेच तोयोसु भागात एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहेत आणि तालमीसुद्धा तशाच घेतात. त्या वर्षीची गोष्ट अशी, की गावाबाहेर इंग्रज कलेक्टरचा तळ पडलेला असतो, पाटलाचा कोंबडा रोज पहाटे आरवून त्याची झोप मोडतो, म्हणून साहेब चौकशीला येतो आणि सगळं गाव मिळून कोंबडा लपवतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं, असा एकूण बोध. जोशी म्हणाले, "साहेब कोणाला करायचं? आपल्यात सगळ्यात गोरा आपला कुलकर्णी, पण तो तोंड उघडलं की कोथरूडचा वाटतो."

मी फुशारकीने म्हटलं, "खरा साहेब आणते."

नेव्हिल-सानना विचारलं तर त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग एकदम पडला. "कागद चालेल?" जोशींनी स्पष्ट सांगितलं, की साहेब घोड्यावरून उतरतो, त्याच्या हातात चाबूक असतो, कागद नाही चालणार. नेव्हिल-सान म्हणाले, विचार करून सांगतो. पुढे बरेच दिवस ते लिफ्टमध्ये दिसेनात, जिन्याने जायला लागले. मला वाटलं, राग आला. मग एके दिवशी आमची बेल वाजली, आणि पुन्हा एकदा वाजली. दारात उभं राहून म्हणाले, "करतो."

साहेबाला वाक्यं होती चार. 'मी इथला कलेक्टर आहे. रोज सकाळी माझी झोप मोडते. पाटील, तो कोंबडा कुठे आहे? त्याला माझ्यासमोर हजर करा!' एवढंच. पण नमनाला घडाभर तेल! पहिल्याच तालमीत त्यांनी विचारलं, "या कोंबड्याचा माझा संबंध काय? मला त्याचा राग येतो, की तो आरवतो म्हणून बरं वाटतं? मी त्या तळावर एकटा आहे. दुसरं कोणी मला हाक मारत नाही."

जोशींनी लॅपटॉपवरून मान वर केली. "नेव्हिल-सान, ते स्कोपमध्ये नाही. कोंबडा विचारायचा आणि बाजूला उभं राहायचं."

पाठांतराला ते आमच्या स्वयंपाकघरात यायचे. 'सकाळी'तला ळ काही केल्या येईना. सई त्यांना शिकवायची, म्हणजे जपानीतून शिकवायची; त्या भाषेत ळ नाहीच, आणि तरी शिकवायची. एका संध्याकाळी मी मोदकांची उकड मळत होते आणि ते टेबलाशी बसून तीच चार वाक्यं घोकत होते. किती वेळा! शेवटी मी म्हटलं, "अहो, पुरे की. तुम्ही मुरलेले नट. चार वाक्यांचं कसलं एवढं?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. हातात कागद नव्हता, म्हणून जरा अडखळत सांगितलं.

त्या जुन्या दौऱ्यात ओसाकाला प्रयोग होता. मोठी भूमिका, भरलेलं थिएटर. मध्येच शब्द गेले. जिभेवर काही नाही, डोक्यातही काही नाही. समोरच्या नटालाही काही सुचेना, आतून आठवण करून द्यायला कोणी नव्हतं. "मी तसाच उभा राहिलो. आणि लोक सभ्य हो, फार सभ्य. कोणी खाकरलं नाही. कोणी हसलं नाही. त्यांना वाटलं, नाटकातच तसं आहे. मी गप्प, ते गप्प. शेवटी पडदा पाडला तर त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी कोणीतरी छापलं, की त्या शांततेत फार अर्थ होता."

मला हसू आलं, ते मी उकडीकडे बघत लपवलं. त्यानंतर ते रंगमंचावर चढले नव्हते. ज्या कामात कागद हातात असतो किंवा ज्यात मरून पडायचं असतं, तेवढीच कामं केली.

"आमच्याकडे प्रॉम्प्टर असतो," मी म्हटलं. "म्हणजे मीच. विंगेत बसून वाक्यं सांगते."

"फक्त त्याचसाठी? कोणी अडलं तर शब्द द्यायला माणूस बसवलेला असतो?"

"हो. आणि वर दोन बटाटेवडे मिळतात."

ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "माझ्या उजव्या बाजूला बसा. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही." मी शब्द दिला.

प्रयोगाच्या दिवशी मी उजव्या विंगेत खुर्ची टाकली, तर सभागृहाचे व्यवस्थापक धावत आले. हे आपत्कालीन दार आहे, इथे कोणी बसायचं नाही. मी हात जोडले, वाकून वाकून विनवलं. जोशींनी त्यांच्या ऑफिसातली सगळी जपानी अदब पणाला लावली. व्यवस्थापक आमच्याहून जास्त वाकले आणि खुर्ची उचलून डावीकडे ठेवून आले. इथे नियम म्हणजे नियम. नेव्हिल-सानना सांगायला गेले, तर ते चेहरा रंगवून, टोपी घालून मागे भिंतीकडे तोंड करून उभे होते. ओठांत तीच चार वाक्यं चालली होती. माझी सांगायची छाती झाली नाही.

साहेब आला. नुसत्या टोपीलाच टाळ्या. "मी इथला कलेक्टर आहे." कडाडून टाळ्या! "रोज सकाळी माझी झोप मोडते." आणि ळ असा लागला, की सईने विंगेतच उडी मारली. मग पाटलाने ठरल्याप्रमाणे मुजरा केला, लोक हसले आणि साहेब थांबला.

आधी वाटलं, हशा संपायची वाट बघतायत. हशा संपला. साहेब तसाच. मी डावीकडून सांगितलं, "पाटील, तो कोंबडा." त्यांनी उजवीकडे पाहिलं. तिथे आपत्कालीन दार आणि त्यावरचा हिरवा दिवा. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. त्यांचे डोळे त्या रिकाम्या विंगेवरून हलेनात. चेहऱ्यावरचा रंग उतरताना मेकअपमधूनही दिसत होता. देवा गणराया, म्हटलं, माझ्यामुळे या माणसाचं पुन्हा ओसाका झालं.

पण समोर ओसाका नव्हतं. समोर आपली माणसं होती.

पहिल्या रांगेत जोशींच्या आई बसल्या होत्या. मुलाकडे चिंचवडहून आलेल्या, घरातल्या तालमी ऐकून ऐकून सगळं नाटक पाठ. त्या बसल्या जागेवरून गरजल्या, "अहो साहेब, कोंबडा! कोंबडा विचारा की!"

मागून कोणी म्हणालं, "कोंबडा कुठे आहे?" मग बाल्कनीतून. मग पोरं सुरू झाली, "को-को-कोंबडा!" सभ्यपणाचं नाव नको. सगळं सभागृह साहेबाला वाक्य सांगत होतं, दोन-चार जण तर चुकीचं सांगत होते. जोशी डोकं धरून बसले.

नेव्हिल-सान हळूहळू लोकांकडे वळले. इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांनी समोर पाहिलं. टोपी काढली. कानामागे हात धरला, उजव्या, आणि म्हणाले, "नेन नो तामे?"

इथे राहणाऱ्याला ते वेगळं सांगावं लागत नाही. छप्पर उडेल असा आवाज आला, "पाटील, तो कोंबडा कुठे आहे?"

मग त्यांनी ते वाक्य म्हटलं. त्याच्या आधी छान श्वास घेतला आणि म्हटलं. आणि काय म्हटलं! त्या कोंबड्यावाचून या माणसाचं तळावर दुसरं कोणीच नाही, हे शेवटच्या रांगेपर्यंत कळलं. माझे डोळे भरून आले आणि पुढचं वाक्य मला वहीत दिसेना. त्याची गरजही पडली नाही.

नंतर सगळे खुर्च्या आवरत होते, कारण सभागृह वेळेवर सोडायचं असतं. नेव्हिल-सान रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसले होते. जोशींच्या आईंनी त्यांच्या हातात वडा दिला आणि मराठीतच सुनावलं, "पुढच्या वर्षी नीट पाठ करा हं." ते जागचे उठले आणि त्यांना कमरेत वाकून नमस्कार केला. मी माफी मागायला गेले, खुर्चीची गोष्ट सांगायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"ओसाकाला सगळे इतके चांगले वागले," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं सगळ्या देशाला सांगतोय, कठडा धरा, दार मिटतंय, जॉनची छत्री हरवली. उलट एक अक्षर कोणी बोललं नाही. आज बोलले."

पुढच्या आठवड्यात सुपरमार्केटात ते पुन्हा माझ्यापुढे जिन्यावर होते. नेहमीसारखा आवाज आला, "कृपया कठडा धरा." ते माफी मागायला मागे वळणार, एवढ्यात मी त्या शांत दुकानात खणखणीत मराठीत म्हटलं, "धरलाय हो, धरलाय!" दोन बायका वळून बघायला लागल्या. बघू देत. नेव्हिल-सान वळलेच नाहीत. त्यांचे खांदे हलत होते, हसत होते की काय ते मला मागून कळेना.

मग जिना पुढचं वाक्य बोलला, लहान मुलांचं आणि वयस्कर माणसांचं. मी एक पायरी वर चढले आणि त्यांचा हात धरला.