पावतीवर दशरथची सही

"धंदा वेगळा आणि घर वेगळं" हे सुनंदा कर्जतच्या वर्गात शिकून आली, आणि त्या दिवसापासून पळसदरीतल्या त्या घरात कोणाला फुकटचा चहा मिळेना.

सगळ्यात आधी झळ बसली ती दशरथला, म्हणजे तिच्या नवऱ्याला. धरणाच्या रस्त्यावर सुनंदाची चहा-भजी आणि झुणका-भाकरीची टपरी होती. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं गाड्या लावून भाकरीसाठी रांग धरत आणि बाकी दिवस दशरथचे मित्र बाकडं धरत. त्या दिवशी दशरथने सवयीप्रमाणे चार बोटं वर केली.

"चार चहा न् दोन भजी पाठव गं."

"पाठवते. तुमच्या नावावर लिवते, उचल म्हणून."

"कसली उचल? घरचीच टपरी हाय ना?"

"घर तिकडं," सुनंदा कौलांकडे बोट दाखवून म्हणाली, "आन् धंदा हितं. घरच्यांनी धंद्यातून घेतलं की ती उचल. तेजश्री मॅडमनी फळ्यावर लिवून दिलंय."

मित्र हसले. दशरथचं तोंड भज्यासारखं तळून निघालं.

आता या बाईला हिशेबाच्या वर्गाला जायची दुर्बुद्धी झाली तरी का? तर तिला तिथे दशरथनेच धाडली म्हणायची. कुंभिवलीच्या किशोरला, हायवेवर बापाच्या वडापावच्या गाडीवर बसतो त्याला, ही टपरी हवी होती. दीड लाख देत होता. दशरथच्या डोळ्यांसमोर दीड लाखाची नवी मोटारसायकल नाचायला लागली.

"तुला उरतं काय त्या टपरीत?" तो म्हणाला होता. "दिवसभर धूर खातेस. महिन्याचा नफा कागदावर दाखव. नाय दिसला तर एक तारखेला टपरी किशोरला."

ही टपरी सुनंदाने दोन वर्षं फार्महाऊसवर लाद्या पुसून उभी केली होती. पत्रा तिचा, बाकडी तिची, तवा तिचा. तिला असा राग आला की सांगता सोय नाही. "दाखवते," एवढंच ती बोलली, आणि बायकांसाठीच्या तीन दिवसांच्या वर्गात जाऊन बसली. भांडवल, येणं, देणं, घसारा, सगळं वहीत उतरवून आणलं. पावती-पुस्तकही आणलं. खर्चाला पावती हवीच. पैसे कोणाकडून, कोणाला, कशासाठी, आणि खाली घेणाऱ्याची सही. पैसे द्यायचे राहिले असले तरी काम झालं की खर्च त्याच महिन्यात लिहायचा, असंही मॅडमनी बजावलं होतं.

सुनंदा मॅडमच्या शब्दाला चिकटून राहिली, आणि तिथेच घोळ झाला. तव्याचा घसारा ती वहीत लिहीत होती, तेव्हा सासूबाई, बायजा, लसूण सोलत शेजारी बसल्या होत्या.

"घसारा म्हंजी काय गं?"

"वापरून वापरून वस्तू झिजते ना, आय, तिचं लिवायचं."

"अस्सं? तव्याचं लिवतेस. माज्या गुडघ्यांचं कोन लिवनार? आन् लसूण काय तुज्या घरासाठी सोलतेय का धंद्यासाठी?"

धंदा वेगळा म्हटल्यावर लसूणही वेगळा झालाच की. सुनंदाने लसणाची मजुरी नऊशे लिहिली. बायजेने अंगठा उठवला आणि लगेच दुसरा मुद्दा काढला. टपरीखालची जागा सातबाऱ्यावर बायजेच्या नावाने होती.

"भाडं दीड हजार," बायजा म्हणाली. "जास्त नाय सांगत, सून हायेस म्हनून."

तोही अंगठा उठला. आता खर्च वाढतोय हे दशरथच्या लक्षात आलं आणि त्याची कळी खुलली. सुनंदाचा नफा बुडवायचा रस्ता सुनंदानेच कर्जतहून आणला होता! संध्याकाळी तो पावती-पुस्तक घेऊनच बसला.

"बोरिंगवरनं रोज पाण्याचे कॅन कोण आणतं? मी. दिवसाला दोनशे. महिन्याचे सहा हजार, लिव."

"आजवर कधी मागितले नव्हते ते?"

"आजवर धंदा वेगळा नव्हता. बाजारातनं कांदे, पीठ कोण आणतं? वीस फेऱ्या, अडीचशे फेरीला. पाच हजार. आन् रातीची राखण, तीन हजार."

"राखण? अवं, तुमी तर घोरत पडलेले असता."

"घोरतो म्हणून तर चोर येत नाय! लिव, लिव. काम झालं की खर्च, तुझ्याच मॅडमचा कायदा हाय."

सुनंदाचे दात करकरले. पण कायदा तो कायदा. तिने मॅडमनी शिकवलं तसं पावत्या भरल्या, शब्दही न गाळता. दशरथने वाचायची तसदी न घेता खाली ऐटीत सह्या ठोकल्या आणि सहीखाली दोन दोन रेघाही ओढल्या. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण ते त्याला पुढे कळायचं होतं.

महिना संपला. शेवटच्या दुपारी सुनंदाने बेरीज मांडली. विक्री अडतीस हजार सहाशे. पीठ, तेल, कांदे, गॅस, तव्याचा घसारा धरून चोवीस हजार तीनशे. बायजेचे चोवीसशे. दशरथचे चौदा हजार. तोटा एकवीसशे. तिने पुन्हा केली. तोटा तेवढाच आला. दोन वर्षं पुसलेल्या लाद्या तिच्या डोळ्यांपुढून सरकायला लागल्या. कुठे चुकलं म्हणून ती एकेक पावती वाचायला लागली. वाचता वाचता थांबली. मग पदराने तोंड पुसून तिने चुलीवर चहा ठेवला.

एक तारखेला किशोर पैशांची पिशवी घेऊन हजर झाला. दशरथ केस विंचरून बसला होता.

"काय म्हणतोय हिशेब?"

"तोटा हाय," सुनंदा म्हणाली. "एकवीसशे."

"ऐकलंस ना किशोर? मोज पैसे."

"थांबा, किशोरभाऊ. आधी विकणारा कोण ते बघा." तिने पावती उचलून मोठ्याने वाचली. "टपरीची मालकीण सुनंदा हिच्याकडून पाणी वाहण्याची मजुरी, सहा हजार. घेणार, टपरीवरचा मजूर दशरथ. खाली सही. हीच ती सही का, भाऊ? रेघा तर दोन हायेत."

किशोरने पावती हातात घेतली. दुसरी घेतली. तिसरी घेतली. पैशांची पिशवी त्याने हळूच काखेत परत घातली.

"दशादादा, मजूर मालकाची टपरी कशी विकणार?"

"मजूर?" बायजा आतून कडाडली. "माजा ल्योक सुनंच्या टपरीवर मजूर? आन् सही करून? गावात तोंड दाखवू कसं मी?"

"आय, ते नुसतं कागदावर..."

"कागदावरच नफा मागितला होता ना तुमी?" सुनंदा कमरेला पदर खोचून उभी राहिली. "तुमचे चौदा हजार मी देते, पै न् पै. उद्यापासून हजेरीला या, सातच्या ठोक्याला. घोरायचं नाय. नायतर फाडा पावत्या. तुमची मजुरी खर्चातनं जाती आन् टपरीला अकरा हजार नऊशे नफा दिसतो. नफा दिसला तर टपरी द्यायची नाय, ही तुमचीच जबान."

दशरथने आईकडे बघितलं. किशोरकडे बघितलं. रस्त्यावरून दोन मित्र नेमके येत होते. त्याने तिन्ही पावत्या घेतल्या आणि टराटरा फाडल्या.

"अकरा हजार नऊशे," सुनंदा म्हणाली, आणि वहीत लिहून टाकलं.

किशोर मात्र जायचं नाव घेईना. बाकड्यावर बसून तो डोकं खाजवत राहिला.

"वयनी, एक इचारू? मी सात वर्षं बापाच्या गाडीवर वडे तळतोय. मी मालक का मजूर? माझाबी हिशेब बघाल का?"

"बघीन की. पण फी लागंल."

"फी किती घ्यायची ते मी सांगतो," दशरथ पुढे सरकला.

सुनंदाने त्याच्याकडे वळून शांतपणे विचारलं, "तुमी कोण?"

दशरथने दोन रिकामे कॅन उचलले आणि बोरिंगच्या वाटेला लागला.