मिठी सुटेना

"पण ही खुर्ची माणसाला सोडते कधी?" पणसाहेबांनी विचारलं.

सार्वजनिक जागी ठेवायच्या यंत्रांची तपासणी करणं हे त्यांचं काम. जवळजवळ प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू करायची खोड असल्यामुळे कचेरीत हेच नाव पडलं होतं. आज कलादालनात त्यांच्यासमोर भलीमोठी गुबगुबीत खुर्ची होती. बसणाऱ्याला ती दोन यांत्रिक हातांनी मिठी मारायची. यंत्राची भीती घालवणारी कलाकृती, असं फलकावर लिहिलं होतं. प्रदर्शन अकराला उघडणार होतं आणि सुरक्षेच्या दाखल्यावर त्यांची सही व्हायची होती.

"नाडी ऐंशीच्या खाली आली की आपोआप सोडते," खुर्ची घडवणारी शिल्पकार बाई म्हणाली.

पणसाहेब बसले. यांत्रिक हात छातीभोवती अलगद मिटले. समोरच्या पडद्यावर आकडा उमटला: शहाण्णव.

"जरा निवांत व्हा ना."

"पण मी निवांतच आहे! माझी एवढीच असते."

बाईचा चेहरा पडला. "अहो, आधी सांगायचं नाही का?"

"पण वीज बंद करा की!"

"वीज गेली तर हात आहेत तिथेच अडकतात. खोलायला दोन तास लागतील."

एकशे आठ.

"डोळे मिटा. समुद्र आठवा."

"पण मला पोहता येत नाही."

एकशे चौदा. त्यांनी निवृत्तीनंतरचे दिवस कल्पून पाहिले, तर गच्चीची गळतीच डोळ्यांपुढे आली. एकशे एकवीस.

एवढ्यात अकरा वाजले, दारं उघडली आणि माणसं आत आली. एका आजोबांनी चष्मा सावरला. "काय हुबेहूब बनवलाय!"

"आजोबा, पुतळ्याला घाम येतोय," नात म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खिशातला फोन वाजला. बाईने तो त्यांच्या कानाला लावला.

"कुठे आहात?" बायकोने विचारलं.

"मिठीत," घाबरलेल्या पणसाहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"कुणाच्या?"

एकशे चाळीस.

"पण माझा तपासणीचा तक्ता द्या आधी!" ते ओरडले. कोपरापासून पुढचे त्यांचे हात मोकळे होते. तक्ता गुडघ्यावर आला, पेन हातात आलं. त्रुटी एक: सुटकेची कळ नाही. त्रुटी दोन: सूचनाफलक अपुरा. अक्षर वळणदार होत गेलं. सहाव्या त्रुटीला आकडा शंभरावर आला, अकराव्या त्रुटीला नव्वदावर. सतराव्या त्रुटीखाली त्यांनी समाधानाने रेघ ओढली, तेव्हा आकडा एकोणऐंशी झाला आणि खुर्चीचे हात हळूच उघडले.

पणसाहेब उठले, पण तक्ता पुरा व्हायचा होता. "शेवटचा रकाना. निर्मात्याने स्वतः वापरून पाहिलंय का?"

बाई पदराने फलक पुसू लागली.

"बाई?"

"नाही हो," ती पुटपुटली. "मला लिफ्टचीसुद्धा भीती वाटते. म्हणून तर हे करायला घेतलं. दर वेळी दुसऱ्या कुणाला तरी बसवते."

पणसाहेबांनी पेन थांबवलं. लोक बघत होते. बाईने ओठ घट्ट मिटले, पदर खोचला आणि खुर्चीत जाऊन बसली. हात मिटले. पडद्यावर एकशे बावन्न.

"सोडेल ना हो मला?"

"यंत्राचं काही सांगता येत नाही," पणसाहेब स्टूल ओढून तिच्याशेजारी बसले. "मी मात्र इथून हलत नाही."

तिने त्यांची बाही घट्ट धरली. आपल्यापेक्षा जास्त घाबरलेलं माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं, आणि त्यांना फार म्हणजे फारच बरं वाटत होतं.