आईची घडी

मुलींच्या वसतिगृहात राहायला जायचं म्हणजे घरचं एक माणूस घडी करून बरोबर न्यावं लागतं, हे मंगळवेढ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. माणूस कोणतंही चालतं, नात्यातलं असलं आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात मावलं म्हणजे झालं. मुलीला ताप आला, कुणी चिडवलं, मेसची भाजी घशाखाली उतरेना, की माणूस काढायचं, उलगडायचं आणि काम झालं की रेक्टरबाईंकडून पुन्हा घडी करून घ्यायचं. गुरसाळकरांच्या मृदुलाला कोल्हापूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा बादली आणि गादीच्या आधी हाच विषय निघाला.

प्रभाआत्या तयारच होती. भाचीचा बारावीचा निकाल लागला त्याच दिवशी तिनं स्वतःला इस्त्री करून घेतली होती. आत्याची घडी पातळ होते, तिला गाडी लागत नाही आणि दोन डांबर गोळ्यांवर ती वर्षभर टिकते, हे सगळं खरं होतं. पण आत्या आपली आपण उलगडते, हेही खरं होतं. थोरल्या चुलतबहिणीबरोबर ती सांगलीला गेली होती. खोलीत मैत्रिणी आल्या की ती कप्प्याचं दार आतून ढकलून विचारायची, “कुणाची गं ही? वडील काय करतात?” त्या बहिणीला शेवटपर्यंत एक मैत्रीण टिकली नाही.

“मला आई पाहिजे,” मृदुला म्हणाली.

आई नको असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. अडचण अशी होती की त्या घरात चादरीपासून पप्पांच्या बनियनपर्यंत सगळ्याची घडी आईच घालायची, त्यामुळे आईची घडी घालणारं कुणी उरत नव्हतं.

पप्पांनी प्रयत्न करून पाहिला. त्यांना वर्तमानपत्राची घडी येत होती, तीही कशीबशी. त्यांनी आईला तशीच मधोमध दुमडली. एका बाजूनं पाय बाहेर, दुसऱ्या बाजूनं अर्धा पदर.

“अहो, कोपराला कोपर लावा की,” आई आतून म्हणाली. “जाऊ द्या, सोडा. कंबर धरली.”

“सोमवारच्या एसटीपर्यंत जमलं तर ठीक,” आत्या म्हणाली. “नाहीतर मी आहेच. मला काय, नुसतं उचलायचं आणि पिशवीत घालायचं.”

आजवर मृदुलानं स्वतःच्या पांघरुणाची घडी घातलेली नव्हती. सकाळी उठलं की त्याचा बोळा करून उशीमागं कोंबायचा, एवढंच तिला येत होतं.

मग आईनंच शिकवायला घेतलं. सरावाला पप्पा होते.

“आधी झटक,” आई म्हणाली.

मृदुलानं पप्पांना झटकलं. सुपारीचं खांड, दोन किल्ल्या आणि दिवाळीत हरवलेला चष्मा खाली पडला.

“आता वरचं टोक हनुवटीखाली धर, म्हणजे हात मोकळे राहतात. ओढ नीट. घाबरतीस काय, पप्पा आहेत ते, फाटत नाहीत.”

सुरुवातीला पप्पांचा बोळा झाला, नंतर गाठोडं. शनिवारी मात्र ते इतके छान बसले की संध्याकाळपर्यंत त्यांना उलगडायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. पाठ मोकळी झाली, असं ते उठल्यावर म्हणाले.

आईचं काही जमेना. हात बरोबर चालायचे, पण घडी अर्ध्यावर आली की आई ताडकन उलगडायची. “दूध उतू जाईल!” पुन्हा झटका, पुन्हा पहिल्यापासून. “कढीपत्त्याला पाणी कोण घालणार?” पुन्हा उलगडली. रविवारी दुपारपर्यंत मृदुला रडकुंडीला आली होती आणि आत्या दारात डांबर गोळ्यांची पुडी हातात घेऊन उभी होती.

मृदुलानं हात थांबवले.

“आई, आठवतंय ते सगळं आधी बोलून घे. मी थांबते.”

आई बोलू लागली. दुधाचं, कढीपत्त्याचं, पप्पांच्या बीपीच्या गोळीचं, समोरच्या बाईंकडं गेलेल्या आणि परत न आलेल्या पातेल्याचं. पप्पा मान डोलवत होते. बोलता बोलता आई सैल होत गेली. शेवटी “बास, एवढंच,” म्हणाली आणि मृदुलानं हनुवटी टेकवली. घडी बसली. मृदुलाला इतका आनंद झाला की आईला उराशी धरून ती घरभर नाचली. आत्या पुडी टाकून माडीवर निघून गेली.

घडीच्या माणसाला एसटीत तिकीट नसतं, पण माणूस बोलत असेल तर अर्धं पडतं.

“बोलतात का?” कंडक्टरनं पिशवीकडं बघून विचारलं.

“नाही,” मृदुला म्हणाली.

“मृदू, खिडकीतून हात बाहेर काढू नको,” पिशवी म्हणाली.

कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं.

वसतिगृहाच्या रांगेत पुढं नांदेडची एक मुलगी मामांना काखेत घेऊन उभी होती. ती मागं वळून हळूच म्हणाली, “घडी कोणी घातली विचारलं तर दुसऱ्याचंच नाव सांग बरं. जिला घडी येते तिला माणूस लागत नाही, असा नियम आहे इथं. माणूस परत पाठवतात.”

मृदुलाचा नंबर आला. रेक्टर निंबाळकरबाईंनी आईला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि चष्म्यावरून बघितलं.

“सुरेख. कुणी घातली?”

“आत्यानं,” मृदुला म्हणाली.

“वन्संनी?” टेबलावरून आईचा आवाज आला. “बाई, माझ्या मुलीनं घातलीय ही! एकटीनं! सुरकुती दाखवा कुठं सापडली तर!”

“मग अभिनंदन,” निंबाळकरबाई म्हणाल्या. “तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं परत जा.”

मृदुलाला आईचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं.

खोलीत आई उलगडली. मृदुलानं गादी घातली, चादर पसरली. आई हात मागं बांधून उभी राहिली आणि तिनं कशालाही हात लावला नाही.

स्टँडवर गर्दी होती. “मी घडीनंच जाते,” आई म्हणाली. “घाल.”

मृदुलानं टोक हनुवटीखाली धरलं आणि अर्ध्यावर तिचे हात सुटले.

“आई, साबण कुठं ठेवलायस?”

“हिरव्या डब्यात.”

पुन्हा झटका, पुन्हा टोक. “आणि ताप आला तर कुठली गोळी?”

“मृदू,” आई म्हणाली, “आठवतंय ते सगळं बोलून घे. मी थांबते.”

मृदुला बोलत राहिली. बोलणं संपलं तेव्हा घडी एका दमात बसली.

“बोलतात का?” कंडक्टरनं विचारलं.

“बोलतात,” मृदुला म्हणाली आणि तिनं अर्धं तिकीट काढलं.

कंडक्टरनं पिशवी खिडकीशी ठेवली. घंटीच्या दोरीला हात घातला आणि पिशवीतलं बोलणं संपायची वाट बघत उभा राहिला. गाडी सुटायला अंधार पडला.