मागच्या चार रविवारांचा नियम

चर्चच्या कमिटीची बैठक बावीस मिनिटं चालली. त्यातली वीस मिनिटं वॉशिंग मशीन कोणत्या रंगाचं असावं यावर गेली. नियम ठरला तो उरलेल्या दोन मिनिटांत.

कारण होतं बिशपसाहेबांचं पत्र. उपासनेला तीस-पस्तीसच माणसं येतात, पाच रविवारांनी मी स्वतः येऊन पाहीन, हेच चित्र दिसलं तर हे चर्च बंद करून नदीपलीकडच्या चर्चमध्ये सामील करू, असं त्यात होतं. अकरा वर्षं याच इमारतीचं छप्पर शाकारत आलेल्या पाळकसाहेबांची झोप उडाली.

कमिटीचे चिटणीस विजेच्या वस्तूंचे दुकानदार होते. कोणत्याही दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध असे.

"सोडत काढू. बिशपसाहेब येतील त्या रविवारी नवीन येणाऱ्याला दारात कुपन. बक्षीस वॉशिंग मशीन, माझ्या दुकानातून, फुकट. पाय ठेवायला जागा उरली तर नाव बदलेन!"

"अहो, पण लोक मशीनसाठी येतील," पाळकसाहेब म्हणाले.

"येऊ द्या की. माझ्या दुकानातही लोक पंख्याचा वारा खायला येतात आणि बल्ब घेऊन जातात. आत आणायचं काम माझं, पुढचं तुमचं."

पाळकीणबाई चहा ओतत होत्या. "आणि नवीन कोण, हे ठरवायचं कसं?"

चिटणीसांना वादाचा तिटकारा होता. "हजेरीवही आहे ना! मागच्या चार रविवारांत जो एकदाही आला नाही, तो नवीन. विषय संपला."

त्या रविवारी उपासनेनंतर नियम वाचून दाखवला गेला आणि फाटकावर फलकही लागला. ऐकायला चौतीस माणसं होती. पुढच्या रविवारी तीन आली: पाळकीणबाई, चर्चचा रखवालदार आणि निवृत्त नर्स असलेल्या एक आजी. पेटी वाजवणारे मास्तरसुद्धा फिरकले नाहीत.

गावात तापाची साथ आली असावी, अशा समजुतीने पाळकसाहेब दुपारी मास्तरांच्या घरी गेले. मास्तर ठणठणीत होते. खुर्चीत बसून शेंगा सोलत होते.

"तब्येत बरी ना?"

"एकदम. पण अजून तीन रविवार भरायचेत आमचे."

"मास्तर, तुम्ही बावीस वर्षं येताय!"

"म्हणूनच तर! बावीस वर्षांत साधी इस्त्री तरी दिलीत का कधी?" मास्तरांनी शेंगांची वाटी पुढे केली. "आणि राग मानू नका, पाळकसाहेब. आमची ही म्हणते, नव्यांना मशीन आणि जुन्यांना प्रवचन, हा कुठला न्याय?"

पाळकसाहेब उठले. त्यांनी थेट दुकान गाठलं. "चिटणीस, नियम बदला."

"आता? जे घरी बसलेत ते कायमचेच बसतील. ग्राहकाला एकदा शब्द दिला की दिला!"

त्यामुळे पाळकसाहेब तिघांसमोर उभे राहू लागले. तसे तिघे नव्हते, चौघे होते. पहिल्याच रिकाम्या रविवारी खाकी गणवेशातला एक बसड्रायव्हर दाराशी घुटमळत होता. आजींनी त्याला हात केला. "आत ये बाबा, दार काय तुझ्या टेकूवर उभं आहे?" तो आला, आणि पुढचे तिन्ही रविवार येत राहिला.

चौघांसाठी उंचावरून बोलणं पाळकसाहेबांना विचित्र वाटू लागलं. दुसऱ्या रविवारी ते खाली उतरून बाकावरच बसले. प्रवचन मध्यावर आलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, हे नाही समजलं. परत सांगता?" पाळकसाहेब परत सांगू लागले, आणि तिसऱ्या वाक्याला त्यांच्या ध्यानात आलं की हे आपल्यालाही कधी नीट समजलेलं नव्हतं. उरलेला वेळ पाचही जणांनी ते समजून घेण्यात घालवला.

पाचव्या रविवारी एकशे साठ माणसं आली. चिटणीस दारात कुपनं फाडत होते. बिशपसाहेब प्रसन्न झाले.

"यांत नवीन किती? हात वर करा बरं."

सगळं चर्च हात वर करून उभं राहिलं. बिशपसाहेबांची नजर पहिल्या रांगेवर थांबली.

"मास्तर, तुमचं तर लग्न मी लावलंय."

"नियमानं नवीन आहे, साहेब," मास्तर म्हणाले. हात मात्र खाली आला नाही.

चारच माणसं बसून होती. बिशपसाहेबांनी ड्रायव्हरला विचारलं, "तुम्ही जुने सदस्य?"

"हो साहेब. चार आठवडे झाले. कुपन नाही मिळत म्हणाले."

"बाहेर फलक वाचून आलात?"

"नाही. आत तीन माणसं होती आणि पाळकसाहेब एकटेच गात होते. पेटी नाही, काही नाही. बसमध्ये तीनच प्रवासी असले तरी मी गाडी शेवटच्या थांब्यापर्यंत नेतो. म्हटलं, माणूस आपल्यातला दिसतो."

बिशपसाहेबांनी हजेरीवही मागवली. पानं उलटली, मिटली, आणि निर्णय राखून ठेवला.

सोडतीत चिटणीसांच्या सख्ख्या मेव्हण्याचं नाव निघालं.

पुढच्या रविवारी बिशपसाहेब न कळवता आले. फाटकावर फलक नव्हता, कुपनं नव्हती, आणि चर्चमध्ये सत्त्याण्णव माणसं होती. सगळ्यांत पुढे मास्तर. चिटणीस घामाघूम.

"बक्षीस नसतानाही इतकी?" बिशपसाहेबांनी हळूच विचारलं.

खोटं बोलून चर्च वाचत होतं. पाळकसाहेब म्हणाले, "साहेब, खरं सांगतो. ही सगळी भांडायला आली आहेत."

बिशपसाहेबांनी वहीत सत्त्याण्णव हा आकडा लिहिला आणि खाली सही केली. "भांडायला माणूस आपल्याच घरी येतो, पाळकसाहेब. चर्च राहू द्या. आधी त्यांचं ऐकून घ्या."

इतक्यात ड्रायव्हर धापा टाकत दारात आला. बसायला जागा नव्हती. तो मागे वळणार, तोच आजींनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"दहा मिनिटं उशीर," त्या म्हणाल्या. "किती जणांना उठवलं मी इथून, माहितेय?"